आक्कांच्या गोगलगायी

आमच्या घरात सर्वांत कमी बोलणारं माणूस म्हणजे माझ्या नणंदबाई, गुणाबाई. गाव त्यांना आक्का म्हणतं, मीही आक्काच म्हणते. मी निपाणीची, तंबाखूच्या वखारींच्या वासात वाढलेली, शाळेत पोरांवर ओरडून ओरडून आवाज कायमचा चढलेली बाई. माझ्या शेजारी आक्का बसल्या की तिथं दुसरं कुणी आहे हे सांगावं लागायचं. चिकोडीकडच्या गावात त्यांना दिलं होतं. मूलबाळ झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली आणि आक्का कपड्यांचं एक बोचकं घेऊन भावाच्या दारात आल्या. तो भाऊ म्हणजे आमचे हे. तेव्हापासून आक्का इथंच आहेत. माझी दोन्ही मुलं त्यांनीच वाढवली. पण घर ह्यांचं, शेत ह्यांचं, मुलं माझी. आक्कांचं असं काही नव्हतं आणि त्यांनी कधी मागितलंही नाही.

आमचं गाव येळ्ळूरच्या पलीकडं. मुलं मोठी झाल्यावर आक्का रोज सकाळच्या बसनं बेळगावात कॅम्पमध्ये कामाला जायला लागल्या. एका मेजरसाहेबांच्या बंगल्यात स्वयंपाक करायचा आणि त्यांच्या मुलीकडं, सौम्याकडं बघायचं. या सौम्याला बंगल्याच्या बागेत दोन भल्यामोठ्या गोगलगायी सापडल्या. शेतीखातं त्यांना शंखी गोगलगाय म्हणतं. तळहातभर शंख, त्यावर तपकिरी पट्टे. पोरीनं त्या काचेच्या पेटीत ओली माती घालून पाळल्या. आक्कांनी दिवाळीला केलेला फराळ तिला फार आवडायचा, म्हणून एकीचं नाव ठेवलं लाडू आणि दुसरीचं चकली. पुढं मेजरसाहेबांची बदली कुठंतरी बर्फात झाली. तिथं गोगलगायी कशा न्यायच्या? सौम्या रडली, आक्का विरघळल्या, आणि एका संध्याकाळी बसमधून मांडीवर काचेची पेटी घेऊन घरी आल्या.

मी कपाळाला हात लावला. "आक्का, अहो माणसं कुत्रं पाळतात, पोपट पाळतात. हे काय चिकट चिकट आणलंय?"

"गप बसत्यात गं बिचाऱ्या," आक्का म्हणाल्या. "कुणाला काय म्हणत न्हाईत."

झालं, पेटी माजघरात खिडकीखाली विसावली. आक्कांचा दिवस तिच्याभोवती फिरायला लागला. कोबीची बाहेरची पानं, काकडीच्या साली, शंख बळकट व्हावा म्हणून शेजारणीकडून मागून आणलेली अंड्याची टरफलं कुटून. माती सुकली की पाणी शिंपडायचं. माझ्या जेवणाला कधी मीठ कमी पडलं तरी चालायचं, पण त्या पेटीत मिठाचा कण जाऊ नये म्हणून आक्का हात दोनदा धुवायच्या. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या, नाक मुरडायच्या आणि परत यायच्या. "आक्कांच्या गोगलगायी" असं लोक म्हणायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुठल्या वस्तूपुढं आक्कांचं नाव लागलं होतं, आणि ते ऐकताना त्यांचा चेहरा खुलायचा. मी कितीही कुरकुर केली तरी ते मला दिसत होतं.

भानगड झाली ती अंड्यांची. या जनावरांत नर-मादी वेगळं नसतं, दोघीही अंडी घालतात, आणि घालतात म्हणजे ढिगानं. मातीत बोट घातलं की भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पिवळट अंडी हाताला लागायची. सौम्यानं जाताना बजावलं होतं की अंडी दिसली की फ्रीजरमध्ये गोठवायची आणि मगच टाकायची. आक्कांनी एकदा ती डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलीही. तासाभरानं बघते तर डबा बाहेर, आणि आक्का तो पदरात धरून बसलेल्या.

"गारठत्यात की गं," त्या म्हणाल्या. "जीव हाय त्यात."

ज्या बाईला मूल होत नाही म्हणून घराबाहेर काढलं, तिला मी अंडी मार म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार? मी डबा धुऊन ठेवला आणि विषय सोडला. मग आक्का पेटीतली माती बदलायच्या, तेव्हा जुनी माती अंड्यांसकट परसातल्या उकिरड्यावर नेऊन टाकायच्या. वर पाचोळा पसरायच्या. त्यांचा हिशेब सरळ होता. शेणाची ऊब असते, अंडी जगली तर जगतील, नाहीतर खत होईल, आपण काही मारलं नाही. आमच्याकडं कुठलीही बाई मातीचं ढेकूळ वाया घालवत नाही, ते उकिरड्यावरच जातं. आणि आमचा उकिरडा सगळ्या भाऊबंदांचा मिळून एक आहे. उन्हाळ्याच्या शेवटी तेच खत ट्रॉलीत भरून सगळ्यांच्या शेतांवर जातं.

यंदाही गेलं. पाऊस झाला, सोयाबीन पेरलं, दुपानी कोंब वर आले. त्याच सुमाराला गावानं वार धरले. आमच्या भागात पेरण्या उरकल्या की गावदेवीचे वार पाळतात. ठरलेल्या मंगळवारी शिवारात कुणी पाऊल टाकायचं नाही, विळ्या-खुरप्याला हात लावायचा नाही, जीव मारायचा नाही. आदल्या दिवशी देवळात दिवा लागला की वेशीवर बांबू आडवा पडतो. मग बुधवारची पहाट होईपर्यंत बाहेरचा आत येत नाही आणि गावातली वस्तू बाहेर जात नाही. दूधसुद्धा डेअरीला जात नाही, घरोघरी बासुंदी आणि खीर होते.

पहिला वार पाळून माझा मुलगा रविराज बुधवारी शेतावर गेला आणि तसाच धावत परत आला. कोंबांचे नुसते देठ उभे होते. बांधाच्या दगडांखाली, गवताच्या मुळाशी, जिथं हात घालावा तिथं बोटाएवढ्या गोगलगायी, पाठीवर तेच तपकिरी पट्टे. आमच्याच नव्हे, भाऊबंदांच्या सगळ्या वावरांत. बाकीचं शिवार हिरवंगार. कुणाला काही शोधून काढावं लागलं नाही.

आक्का उंबऱ्यावर बसून राहिल्या. कुणी त्यांना शिवी दिली नाही, तेच फार वाईट होतं. हे नुसते म्हणाले, "आक्का, सांगायचं तरी गं," आणि दुबार पेरणीचं बी बघायला निघून गेले.

दुसरा वार जवळ आला तशी सोमवारी देवळात बैठक बसली. शेतीखात्याचा एक माणूस सांगून गेला होता की हातानं वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, दुसरा खात्रीचा उपाय नाही. गावचे जाणते मष्णूआप्पा. त्यांनी ठरवलं की मंगळवारी वार आहे, तेव्हा बुधवारी पहाटे प्रत्येक घरातलं माणूस बादली घेऊन बांधावर आलं पाहिजे. "आन् आधी आक्काची पेटी रिकामी व्हायला पायजे," ते म्हणाले.

आक्का बायकांत मागं बसल्या होत्या. उठून उभ्या राहिल्या. देवळात त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"त्या दोन तेवढ्या राहू द्या, आप्पा. झाकण लावून ठेवीन. अंडी आता माझ्या हातानं गोठवीन."

मष्णूआप्पांना वाईट वाटलं असावं. पण मागून कुणीतरी म्हणालं, "आणि पुढच्या साली?" आक्का पुन्हा खाली बसल्या.

घरी येऊन मी सौम्याला फोन लावला. ती आता पुण्यात कॉलेजला आहे. सगळं ऐकून तिनं पटकन वाट काढली. तिच्या वर्गातला चिन्मय बेळगावातल्या टिळकवाडीचा, सुटीला घरी आलेला, उद्या दुपारच्या गाडीनं पुण्याला निघणार होता. तो लाडू-चकलीला घेऊन येईल, ती सांभाळेल. पुण्याच्या आसपासही शेतं आहेत, हा विचार माझ्या मनात आला. मी तो गिळला. आक्कांच्या तोंडावर उजेड पडला होता. तेवढ्यात देवळातली घंटा वाजली. दिवा लागला होता आणि वेशीवर बांबू पडला होता.

"बुधवारी सकाळी थांब म्हणावं त्याला," मी फोनवर ओरडले. पण बुधवारी त्याची परीक्षा होती. सौम्याकडून त्याचा निरोप आला, मी वेशीपर्यंत येतो, तिथं द्या.

मंगळवारी दुपारी आक्का एका झाकणाच्या डब्याला भोकं पाडून, आत ओलं फडकं आणि कोबीचं पान घालून, दोघींना घेऊन निघाल्या. मी बरोबर होते. बांबूपलीकडं मोटारसायकलवर चिन्मय उभा. अलीकडं मष्णूआप्पा खुर्ची टाकून बसलेले.

"काकू, द्या इकडं," चिन्मय म्हणाला. "तीन पावलं तर आहेत."

मष्णूआप्पांनी डब्याकडं बघितलं, आक्कांकडं बघितलं. मग हळूच खुर्ची फिरवली आणि आमच्याकडं पाठ केली. "मला हल्ली मागचं काय दिसत न्हाय," ते म्हणाले. एवढ्या कडक माणसानं एवढं केलं म्हणून माझा ऊर भरून आला. मी आक्कांना कोपरानं ढोसलं. "द्या की आक्का. लवकर."

आक्का हलल्या नाहीत. डबा पोटाशी धरून उभ्या होत्या.

"माझ्यामुळं पीक गेलं, वसुधा," त्या म्हणाल्या. "आता माझ्यामुळं वार मोडायचा? उद्या गावात कुणाला काय झालं म्हंजे?"

मी शाळेत शास्त्र शिकवलेली बाई. असल्या गोष्टींवर माझा कवडीचा विश्वास नाही. मी तेही सांगितलं, विनवलं, शेवटी चिडले. डबा हिसकावून स्वतः द्यायलाही हात पुढं केला. आक्कांनी तो घट्ट धरला आणि माझ्याकडं असं बघितलं की माझा हात आपोआप खाली आला. भावाच्या घरात तीस वर्षं आश्रित म्हणून राहिलेल्या बाईला माझं शास्त्र काय कामाचं? काही वाईट घडलं असतं तर गावानं बोट तिच्याकडंच दाखवलं असतं, आणि तिनं स्वतः सर्वांच्या आधी. चिन्मय बराच वेळ थांबला. मग गाडीची वेळ झाली म्हणून गेला. मष्णूआप्पांनी खुर्ची पुन्हा फिरवली, डबा अजून आक्कांच्याच हातात आहे हे बघितलं आणि मान खाली घातली.

बुधवारी पहाटे अंगणात मिठाच्या पाण्याची बादली आली. रविराज म्हणाला, "आत्ती, तू आत जा. मी बघतो." आक्का म्हणाल्या, "न्हाय रं. तुला जमायचं न्हाय." त्यांनी चकलीला तळहातावर घेतलं. ती शंखात मिटून होती. रोज संध्याकाळी आक्का त्यांना कोमट पाण्यानं आंघोळ घालायच्या, त्यामुळं अंगाला पाणी लागलं की त्या बाहेर यायच्या. बादलीतलं पाणी लागलं आणि चकली बाहेर आली, शिंगं ताणून, पूर्ण विश्वासानं. मला पुढचं बघवलं नाही. मी भिंतीकडं तोंड करून रडले, मोठ्यानं, शाळेतल्या पोरीसारखी. आक्का रडल्या नाहीत. त्यांनी लाडूलाही तसंच पाण्यात सोडलं, बादली खड्ड्यात रिकामी केली आणि दुसरी भरून सगळ्यांबरोबर शेताकडं निघाल्या.

माझा संताप होतो तो याचा. शिवारातल्या गोगलगायी काही संपल्या नाहीत. त्या आजही आहेत, पुढच्या वर्षीही असतील, असं शेतीखात्याचा माणूसच म्हणतो. पहिल्यांदा मेल्या त्या फक्त माणसाच्या हाताला न घाबरणाऱ्या.

आता रोज पहाटे भाऊबंदांच्या बायका बांधावर वेचायला जातात. मीही जाते, गुडघे धरून. माझ्या बादलीत मूठभरही होत नाहीत, इतरांच्या अर्ध्या होतात. आक्कांची बादली काठोकाठ भरते. कुठल्या दगडाखाली ओल राहते, कुठल्या पानाच्या देठाशी त्या उन्हात दडून बसतात, अंडी मातीत किती खोल असतात, त्यांना न बघताच कळतं. परवा मष्णूआप्पा बांधावर आले. आक्कांची बादली बघून सगळ्यांसमोर म्हणाले, "गुणाआक्का, तुझ्यासारखा हात अख्ख्या गावात कुणाचा न्हाय बघ." बायकांनी माना डोलावल्या. आक्कांचं असं कौतुक गावात आजवर कुणी केलं नव्हतं.

"मला ठावं हाय की त्या कुठं बसत्यात," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा दगड उचलला.