अख्ख्या टेकडीचा एकच मोबाइल नंबर

टेकडीवर कमल साळवेला कमल म्हणणारा एकच माणूस, तिचा नवरा रतन. बाकी सगळ्यांची ती मावशी. घाटकोपरच्या त्या टेकडीवर कुणाचा खोकला हटत नाही, कुणाला दिवस गेलेत, कुणाचं पोर तापाने फणफणलंय, की आधी मावशीच्या दारावर थाप आणि मग रिक्षा. सरकारी दवाखान्याची आरोग्य सेविका ती. नावाला सेविका, पण तोंड असं की भल्याभल्या सासवा तिला बघून गप्प व्हायच्या. "सुनेला लोहाच्या गोळ्या देता की स्वतःच गिळता?" असं भर गल्लीत विचारायची. लोक हसायचे, आणि गोळ्या द्यायचे.

जालन्याकडून लग्न होऊन आली तेव्हा ह्या पायऱ्या चढताना तिला रडू यायचं. मग पोलिओच्या डोसांचं काम मिळालं आणि त्यातून हे. पगार म्हणायचा नाही, मानधन म्हणायचं. आजारी पडलं की ती सुट्टी नव्हे, दांडी. काही मागायला गेलं की साहेबलोक म्हणायचे, तुम्ही कुठे आमच्या कर्मचारी? पण डेंग्यूच्या दिवसांत लोकांच्या पिंपांत वाकून अळ्या बघायच्या त्या हिनेच. तरी कमल चिकटून राहिली. कधी ना कधी आपल्याला कायम करतील, ह्या एका आशेवर तिने सगळी उमेद लावली होती. रतन वॉचमनकी सुटून खाटेला लागला तेव्हापासून तर दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं.

आणि खरंच कायम करायच्या बायकांची यादी निघाली, त्यात तिचं नाव होतं! त्या दिवशी तिने रतनला बासुंदी आणून खायला घातली, त्याची साखर वाढलेली असताना. "एक दिवस खा रे, मरत नाहीस," म्हणाली. अट एकच होती. नेमणुकीचं पत्र येईपर्यंत नव्या टॅबवरचं काम चोख पाहिजे. एक जरी खोटी नोंद सापडली तरी नाव यादीतून बाद.

टॅबचं प्रशिक्षण एसीच्या हॉलमध्ये झालं. शिकवणारा पोरगा बोलायला मोठा गोड. म्हणाला, ह्यापेक्षा सुरक्षित यंत्र नाही. तुमचा चेहरा दाखवल्याशिवाय उघडणार नाही, आणि फोटो दाखवून कुणी फसवू नये म्हणून पडद्यासमोर डोळे मिचकवावे लागतील. बाईने काय औषध घेतलं, कुठली तपासणी केली, हे सेविकेशिवाय कुणाला दिसणार नाही, साहेबांनासुद्धा नाही. प्रत्येक भेटीला पेशंटच्या मोबाइलवर ओटीपी जाईल, तो तिने सांगितला की नोंद पक्की. टाळ्या पडल्या. वडापाव मिळाला.

आता गंमत बघा. ह्या टेकडीवर बाईच्या हातात दिवसा मोबाइल असतो का? घरात एक फोन, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा मालाडला नाहीतर दिंडोशीला कामावर. ओटीपी तिकडे वाजणार आणि बाई इकडे भांडी घासत बसणार! पण कमलला त्याची फिकीर नव्हती. कागदाच्या काळापासून तिची एक रीत होती. ज्या बाईकडे फोन नाही तिच्या नावापुढे ती सरळ स्वतःचा नंबर टाकायची. रिपोर्ट आला, लसीची तारीख आली, की मेसेज मावशीला आणि मावशी दारात हजर. टॅब आला तरी तिने तेच चालू ठेवलं. ओटीपी तिच्याच कमरेला खोचलेल्या फोनवर वाजायचा, ती तोच टॅबमध्ये टाकायची आणि पुढच्या दाराला जायची. बाकीच्या सेविका नवऱ्यांना फोन लावून लावून रडकुंडीला आल्या होत्या, आणि कमल अख्ख्या विभागात पहिली. बाईंनी, म्हणजे तिच्या सुपरवायझर श्रुतिकाने, सगळ्यांसमोर तिच्या हातात गुलाबाचं फूल दिलं. कमल जाम फुशारली. ही कामाची हातचलाखी कुणी विचारली असती तर तिने हसत सांगितलीही असती, पण विचारतंय कोण!

ह्या सगळ्या बायकांत शीतलची गोष्ट वेगळी होती. तिच्याही नावापुढे कमलचाच नंबर होता, पण तो फोन नाही म्हणून नव्हता. शीतल म्हणजे मालनबाईंची सून. मूळचे कोकणातले, सासरा गिरणीत होता, आता मुलगा राजेश टेम्पो चालवतो. शीतलला दोन मुली. दुसरीच्या वेळी रक्त जाऊन मरता मरता वाचली होती. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं की आता तिसरं नको. पण मालनबाईंना नातू पाहिजे होता आणि राजेशला आईचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता. एक दिवस शीतलने मावशीचे पायच धरले. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी धाकटीला डोस द्यायच्या निमित्ताने कमल तिला दवाखान्यात न्यायची आणि दिवस न राहण्याचं इंजेक्शन देऊन आणायची. मेसेज कमलच्या फोनवर, नोंद कमलच्या टॅबमध्ये, दवाखान्यातच काढलेल्या शीतलच्या हसऱ्या फोटोसकट. "पोरी, माझा जीव गेला तरी हे बाहेर जायचं नाही," असं कमलच म्हणाली होती. शप्पथ घेऊन म्हणाली होती.

मग वरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जाग आली. एवढ्या बायका आणि मोबाइल नंबर एकच? ओटीपी जातोय आणि येतोय तो एकाच फोनवर? बोगस! ज्या कामासाठी गुलाबाचं फूल दिलं त्याच कामासाठी नोटीस आली. कमलच्या तोंडचं पाणी पळालं. ती श्रुतिकाकडे धावली. श्रुतिका म्हणाली, "कमलताई, मला माहितेय तुम्ही घरोघर जाता. पण मशीन म्हणतंय तुम्ही घरी बसून ओटीपी टाकलेत. मी काय करू सांगा." तिने मग हात वर केले आणि चौकशीला दारोदार फिरली. बहुतेक बायका म्हणाल्या, येतात की मावशी, कटकट करतात पण येतात. मालनबाईंच्या दारात शीतलला विचारलं, तुमच्या नावावर भेटी लागल्यात, सेविका आल्या होत्या का? मालनबाई शेजारीच तांदूळ निवडत बसलेल्या. शीतल म्हणाली, "नाही. धाकटीच्या डोसाला येतात, माझ्यासाठी कुणी नाही आलं."

एक खोटी नोंद सापडली. नाव बाद व्हायला एकच पुरे होती.

कमलने शीतलला नळावर गाठलं. "अगं, माझी नोकरी जातेय! साहेबाला गुपचूप एवढंच सांग की मावशी माझ्यासाठी यायच्या." शीतल हंडा घासत राहिली. "कशाला यायच्या, असं विचारतील ना मावशी. मग काय सांगू? राजेश जिती सोडायचा नाही मला. तुमची नोकरी जाईल, माझं सगळंच जाईल." कमलला तिची दया आली, आणि रागही आला, चांगला सणसणीत राग आला. हिच्यासाठी मी खोटं बोलले, हिला सांभाळलं, आणि ही माझ्या वर्षानुवर्षांच्या कामावर पाणी ओतते? ती तडक पायऱ्या उतरून गेली.

सुनावणी दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाली. खुर्चीवर श्यामकांत साहेब. शीतलला बोलावलं होतं, आणि सून एकटी कशी जाणार म्हणून मालनबाई सोबत. साहेबांनी विचारलं, शीतल परत नाहीच म्हणाली. मान खाली, आवाज एवढासा.

"साहेब, दोन मिनिटं तुमच्याशी एकटीने बोलू का?" कमलने विचारलं.

"मुळीच नाही. आतबाहेर करून प्रकरणं मिटवायची सवय लागलीय तुम्हा लोकांना. जे आहे ते सगळ्यांसमोर." साहेबांनी टॅब उचलला. त्यांना नुसतं नाव आणि नंबर दिसत होता, आतली नोंद बंद. "हे तुमच्या चेहऱ्यानेच उघडतं ना? मग उघडा. भेट झाली असेल तर फोटो असेल. नसेल तर आत्ताच सही करून टॅब जमा करा."

त्यांनी टॅब तिच्या तोंडासमोर धरला. पडद्यावरच्या गोल चौकटीत कमलला आपलाच घामेजलेला चेहरा दिसला आणि खाली अक्षरं आली, डोळे मिचकवा. शीतलने मान वर केली. ती कमलकडे बघत राहिली. कमलने डोळे गच्च मिटून घेतले असते तर टॅब उघडला नसता. नुसती टक लावून बसली असती तरी उघडला नसता. कुणी तिचा हात पिरगाळला नव्हता. तिच्या मनात रतन आला, ती यादी आली, आणि नळावर हंडा घासणारी शीतल आली.

कमलने डोळे मिचकवले.

हिरवी खूण आली. साहेबांनी नोंद उघडली, मोठ्याने वाचली, अगदी इंजेक्शनच्या नावासकट आणि ते कशासाठी दिलं ह्यासकट, आणि फोटो मालनबाईंकडे वळवला. "ही तुमचीच सून ना? मग खोटं का बोलते ही?"

मालनबाईंना वाचता येत नव्हतं, पण दवाखान्याची खाट आणि उघडा दंड कळायला वाचावं लागत नाही. त्या शीतलकडे वळल्या. "काय गो, माझ्या नातवाक सुयेन मारलंस तू?" एवढंच म्हणाल्या आणि तिचं मनगट धरून बाहेर ओढत घेऊन गेल्या. साहेबांनी टॅब कमलच्या हातात दिला. "उगाच एवढा वेळ घालवलात. आधीच उघडायचं ना, कमलताई. तुमचं काम स्वच्छ आहे." श्रुतिकाने तिच्या पाठीवर थोपटलं.

टेकडीवर काही लपत नाही. राजेशने शीतलला मारलं ते भिंतीला भिंत लागलेल्या प्रत्येक घराने ऐकलं. कुणी गेलं नाही. कमलही गेली नाही. कुठल्या तोंडाने जाणार? शीतलच्या ओठाला टाके पडले, ते त्याच दवाखान्यात, आणि पायरीवरून पाय घसरला असं तिने सांगितलं. त्यानंतर कितीतरी बायकांनी मावशीला दार उघडणं सोडलं. आतून टीव्हीचा आवाज यायचा आणि कडी लावलेली असायची. ज्या उघडत होत्या त्या फक्त पोरांच्या डोसापुरतं बोलायच्या. रतन म्हणाला, "जाऊ दे गं, कायम झालीस ना?" झाली होती. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा तिला त्याच्यावर एवढा संताप आला की ते त्याच्या अंगावर फेकून ती मोरीत जाऊन ढसाढसा रडली. मग तोंड धुतलं आणि कामाला गेली.

आता नंबरांचा नियम कडक झाला. ज्याच्या त्याच्या घरचाच नंबर पाहिजे, सेविकेचा चालणार नाही. एक दिवस टॅबवर नवं नाव आलं, गरोदर स्त्री, नोंदणी बाकी. पत्ता मालनबाईंचा.

मालनबाईंनीच दार उघडलं, तेही हसत. "ये गो ये, लिही. ह्या टायमाक झिलच असतलो." मुलगाच होणार म्हणे. आत शीतल भिंतीला टेकून बसली होती, पोट अजून दिसत नव्हतं. गाल बसले होते. ओटीपी राजेशच्या फोनवर गेला, त्याने तिकडून फोन करून आईला सांगितला, आईने कमलला सांगितला. एकदम नियमात. कमलने शीतलच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधली, आणि आकडा एवढा चढलेला बघून परत एकदा मोजला. "डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं," ती पुटपुटली. मालनबाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

टॅबने शेवटचा प्रश्न विचारला. कमलने तो वाचला आणि थांबली. नियमाप्रमाणे मोठ्याने विचारायचा असतो, म्हणून विचारला. "हे बाळंतपण तुमच्या इच्छेने आहे का?"

"होय तर! लिही होय," मालनबाई म्हणाल्या.

कमलचं बोट पडद्यावर तसंच राहिलं. तिने शीतलकडे बघितलं. एकदा नाही म्हण, पोरी, नुसती मान हलव, मी इथेच फतकल मारून बसते, असं तिला ओरडून सांगायचं होतं.

शीतलने दंडावरची पट्टी सोडून नीट गुंडाळली आणि तिच्या हातात दिली.

"हो लिहा, मावशी," ती म्हणाली. "परत तुमच्यावर बालंट यायला नको."