लेकीच्या गावाचा रकाना

आमचे हे वेधशाळेत आहेत. ऐकायला भारदस्त वाटतं, पण डोंगरावरच्या आमच्या गावात वेधशाळा म्हणजे दोन खोल्या, एक अंगण आणि अंगणात उंच पायांवर उभी केलेली झडपांची पांढरी पेटी. पेटीत तापमापक. रोज सकाळी ठीक साडेआठला हे पेटी उघडतात, काचेवर वाफ नको म्हणून श्वास रोखून पारा बघतात आणि आकडा कळवतात. एकोणतीस वर्षं चाललंय हे. घराला आग लागली तरी आधी आकडा लिहितील, मग बादली शोधतील.

नवीन लग्न झालं तेव्हा मी विचारलं होतं, साडेआठलाच का? सव्वाआठला पारा झोपलेला असतो का? तेव्हा कळलं, जगभरच्या वेधशाळा एकाच क्षणी आपापल्या पेट्या उघडतात. कुठे दुपार असो, कुठे पहाट असो. मला बाई त्याचं तेव्हापासून फार नवल वाटतं.

आता तर जास्तच, कारण त्यातली एक पेटी आमची लेक उघडते. दूरदेशीचं गाव, तेही डोंगरावरचं, उंचीला आमच्याच जोडीचं. आमचे साडेआठ म्हणजे तिचे सहा. ह्यांनी तिच्यासाठी इथलीच जागा मनात धरली होती आणि तिने परस्पर तिकडची नोकरी घेतली. “जायचं तर जा, मला फोन करायची गरज नाही,” असं हे रागाच्या भरात बोलून गेले. लेकही ह्यांचीच. तिने खरंच केला नाही. सात महिने झाले.

माझ्याशी मात्र दर शनिवारी बोलते. मी सगळं खोदून खोदून विचारते. उंची तेवढीच, मग थंडीही तेवढीच का गं? तर नाही म्हणे, तिकडची कोरडी, ओठ फुटतात. आमच्याकडे धुक्याने चादरीसुद्धा ओल्या. आमचं गाव संध्याकाळी सातला चिडीचूप, आणि तिकडे उन्हाळ्यात नऊ वाजता उजेडात शेजारीण कपडे वाळत घालते. भरदुपारी दुकानं बंद करून माणसं खुशाल झोपतात. पण उंचीमुळे बटाटे तिथेही शिजता शिजत नाहीत, हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

आम्ही बोलत असताना हे शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसतात. तासभर एकच पान. फोन ठेवला की हळूच म्हणतात, “ओठांना तेल लाव म्हणावं.”

“तुम्हीच सांगा की.”

“मी कशाला?”

अस्सा ताठा! पण मी एकदा ऑफिसात चहा घेऊन गेले तेव्हा चोरी पकडली. सव्वानऊला सगळ्या गावांचे आकडे संगणकावरच्या यादीत येतात. हे लेकीच्या गावाच्या रकान्यावर बोट ठेवून पुटपुटत होते, “सात अंश. उठली वेळेवर.”

“हे काय चाललंय?”

“काम आहे माझं.”

“हो का! मग बाकीच्या चारशे गावांचं काम कोण बघतं?”

ह्यांनी बोट झटकन दुसऱ्याच गावावर सरकवलं.

परवाच्या रविवारी साडेनऊला मी चहा नेला, तर हे यादीसमोर उभेच. “रकाना रिकामा आहे,” म्हणाले. सात महिन्यांत एकदाही असं झालं नव्हतं. पोर एकटी राहते, परक्या गावात. मी तिच्या मोबाइलवर फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ह्यांनी यादी चारदा बंद करून उघडली. पावणेदहा झाले तसा ऑफिसचा फोन ओढला आणि तिच्या वेधशाळेचा नंबर फिरवला. तो नंबर ह्यांना पाठ होता!

दुसऱ्याच घंटेला तिने उचलला. ह्यांनी “हॅलो” म्हटलं, मी रिसीव्हरला कान चिकटवला.

“बाबा?” आवाज रडवेला.

“हो. बरी आहेस ना?”

माझा जीव भांड्यात पडला. तिकडे तिचा बांध फुटला. “इथे थंडी आली की घड्याळं एक तास मागे घेतात म्हणे. काल रात्री मोबाइलने आपोआप घेतली, मला पत्ताच नाही. मी आपली रोजच्यासारखी सहाला आले, पण नव्या घड्याळाने खरी वेळ पाचची, ती तासाभरापूर्वीच टळून गेली होती. आईचा फोन उचलला असता तर मला बोलताच आलं नसतं.”

घड्याळ मागे? वेळ काय त्या लोकांच्या घरची आहे? मला संतापायचं होतं, पण ती एकदम हळू बोलायला लागली.

“बाबा, आत्ता दोन अंश आहेत. तेव्हा तीन असणार. साहेब अजून आले नाहीत. अंदाजाने भरून टाकू? माझी नोकरी अजून पक्की नाही हो.”

मी ह्यांना डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा, जाऊ दे एकदा! ह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

“भरू नकोस. रकाना रिकामाच ठेव आणि साहेबांना खरं सांग.” मग म्हणाले, “तू तो भरला असतास, तर मी आज फोन केला असता का?”

पलीकडे तिने नाक ओढलं. “तुम्ही रोज बघता?”

“रोज,” हे म्हणाले.