सोफ्यावरून पडली, शिडी बंद

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी ढगाळ, दुपारी ऊन. मीटर पाहणारा येऊन गेला. माझी भाची काल घरी सोफ्यावरून उठताना पडली; बसून बसून पायाला मुंग्या आल्या होत्या. घोटा मुरगळला आहे, हाड शाबूत. संध्याकाळी तिचा मुलगा तिची शिडी माझ्याकडे आणून ठेवून गेला. मागच्या खोलीत कपाटाच्या आड उभी केली आहे.

नोंद इतकी कोरडी आहे, कारण त्या दिवशी मला त्यात काही विशेष दिसलं नव्हतं. माणूस सोफ्यावरून पडलं तर घरातून शिडी का हलवतात, हा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना पडला.

माझी भाची घरं रंगवते. थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी, वय चोपन्न. माझे मेहुणे रंगारी होते. शाळा सुटली की ही त्यांच्यामागे ब्रश धुवायला जायची आणि ब्रश धुता धुता भिंतीपर्यंत कधी पोचली ते कोणाला कळलंच नाही. लग्न ठरवताना बहिणीने ‘मुलीला चित्रकलेची आवड आहे’ असं सांगितलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. चित्र फक्त एकाच रंगाचं आणि भिंतीएवढं असायचं.

ती कुठल्याही खोलीची सुरुवात छतापासून करते. छत एकदा हाती घेतलं की कडेपर्यंत नेल्याशिवाय थांबायचं नाही, हा तिच्या वडिलांचा नियम. मध्येच थांबलं तर वाळलेल्या आणि ओल्या रंगाचा जोड दिसतो. छताची सवय इतकी, की माझ्याकडे आली तरी ‘कशी आहेस मावशी?’ हे ती वर बघूनच विचारते.

तिचा मुलगा, आमचे चिरंजीव, ऑफिसात बसून काम करतो. त्याच्या खुर्चीला चाकं आहेत आणि पाणी प्यायलासुद्धा तो खुर्चीसकट जातो, असं त्याची बायको सांगते. शिडी ठेवायला आला तेव्हा त्याला दम लागला होता.

“आजी, आता पुरे झालं,” तो म्हणाला. “पन्नाशी उलटलेल्या बाईने शिडीवर चढायचं म्हणजे काय? उद्या काही झालं तर लोक मला विचारतील.”

“पण ती सोफ्यावरून पडली ना रे?”

“तेच तर सांगतोय. जी सोफ्यावरून पडते ती शिडीवरून पडणार नाही का? तू फक्त तिला चढू देऊ नकोस.”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याने गाडी चालू ठेवली होती.

सोफा मात्र जागेवरच राहिला. त्यावर भाचीचे यजमान, आमचे जावईबापू, असतात. भाचीपेक्षा चार वर्षांनी मोठे, नोकरीतून लवकर मोकळे झालेले. ते आजवर कधी पडले नाहीत, कारण पडण्यासाठी आधी उभं राहावं लागतं. घरात त्यांच्या प्रकृतीचं फार कौतुक आहे.

भाचीचा फोन तिच्या सुनेने आपल्याजवळ ठेवून घेतला. रंगाच्या कामासाठी कोणी विचारलं की ती गोड आवाजात सांगायची, “आईंनी आता थांबवलंय हो. वय झालं ना.” ती मुलगी मनाने वाईट नाही, सासूला विश्रांती मिळावी असं तिला खरोखरच वाटत होतं. एका जुन्या गिऱ्हाईकबाईंनी तर फुलं पाठवली. भाचीने सोबतचं कार्ड दोनदा वाचलं आणि मला विचारलं, “मावशी, मी गेले का गं?”

मी हसले. ती हसली नाही.

“तुला कळत नाहीये,” ती म्हणाली. “उन्हाळ्यातच लोक घरं रंगवतात. या उन्हाळ्यात ते दुसऱ्याकडे गेले की पुढचा रंग पाचसहा वर्षांनी. तोवर मी साठीची. तेव्हा मला कोणी बोलावणार नाही, आणि मग आमचे चिरंजीव म्हणतील, बघ, मी म्हणत होतो.”

घोटा बरा झाला. बाकीची भाची मात्र बिघडत गेली. गुडघे धरले, कंबर धरली, झोप उडाली. आमच्या जिन्यात मी तिच्यासाठी थांबायला लागले; मी एकोणऐंशीची आहे आणि मला कोणासाठी थांबायची सवय राहिलेली नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “काही झालेलं नाही. हालचाल कमी पडतेय. व्यायाम करा.”

घरात एकदम उत्साह संचारला. शिडीवर चढणारी बाई त्यांना चालत नव्हती, पण व्यायाम करणारी बाई हवी होती. सुनेने जाळीचे बूट आणले, घामाचा पट्टा आणला आणि ‘सोनेरी पावलं’ नावाच्या, पन्नाशीपुढच्यांसाठीच्या वर्गात तिचं नाव घातलं. एकटी जाणार नाही म्हणाली, म्हणून सोबतीला मी. मला पाहून तिथल्या शिक्षिकेने आधी खुर्ची आणली आणि मग नाव विचारलं.

ही शिक्षिका चुणचुणीत, मनमिळाऊ आणि पंचविशीची. तिच्यापुढे जी कोणी बाई उभी राहील ती ‘आजी’. त्यामुळे मी आणि माझी भाची त्या संध्याकाळी एकाच वयाच्या झालो. मला ते चाललं. भाचीने दातावर दात ठेवले.

“चला आज्यांनो,” ती म्हणाली, “समजा तुमच्यासमोर एक शिडी आहे. एक पाय वर, एक हात वर. चढा, चढा.”

सगळ्या चढू लागल्या. माझी भाची जमिनीवरच उभी.

“काय झालं, आजी?”

“शिडी टेकलीय कशाला?”

“अहो, समजायचं.”

“समजते ना. पण भिंत पार तिकडे आहे. ही अशी अधांतरी शिडी मी नाही चढणार.”

आणि ती चार पावलं पुढे जाऊन भिंतीपाशी चढू लागली. शिडी संपल्यावर शिक्षिकेने भिंत रंगवायला सांगितली, तीही समजायची. मोठे हात, वर खाली, श्वास सोडत. बाकीच्या बायकांच्या भिंती दोन मिनिटांत रंगून झाल्या. भाचीने आधी कडा घेतल्या, मग मधला भाग, मग वाकून खालची पट्टी. वर्ग पाणी प्यायला थांबला तेव्हा तिचा एक कोपरा राहिला होता. कोपरा संपवूनच ती पाणी प्यायली.

शिक्षिका हरखून गेली. “यांच्याकडून शिका,” ती म्हणाली. “या वयात काय खांदा फिरतोय.” तिने मोबाइलवर त्याचं चित्रण केलं आणि घरी पाठवलं. चिरंजीवांनी ते सगळ्या नातेवाइकांना पाठवलं, खाली लिहिलं: ‘माझी आई. वय हा फक्त आकडा.’ जावईबापूंनी सोफ्यावरून अंगठा दाखवला.

आता वर्ग भरतो त्या हॉलबद्दल. दुसरा मजला, जुनी इमारत, छताला पोपडे. पुढच्याच आठवड्यात, सगळ्या जणी चटईवर उताण्या पडलेल्या असताना, वरून एक पोपडा सुटून शिक्षिकेच्या केसांत पडला. ती वैतागून म्हणाली, की हॉलच्या समितीने रंगारी आणला होता, पण तो परांची बांधायला हवी म्हणतो आणि त्यासाठी वर्ग महिनाभर बंद ठेवावा लागेल.

भाची उताणीच होती, त्यामुळे तिला छत नीट दिसत होतं.

“परांची कशाला?” ती म्हणाली. “माझी शिडी पोचते.”

“आजी, तुम्ही? अहो, पडलात म्हणजे?”

“तुम्हीच म्हणालात ना, काय खांदा फिरतोय.”

“ते व्यायामाचं.”

“ती घरं रंगवते,” मी खुर्चीतून सांगितलं. “आणि मी आजी आहे, ती नाही.”

समितीला परांची नको होती, त्यामुळे त्यांना तिचं वय आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. “मावशी, शिडी.”

मला चिरंजीवांचे शब्द आठवत होते. चढू देऊ नकोस, म्हणाला होता. ती माझ्या घरी एक पायरीही चढली नाही. शिडी आडवी करून खांद्यावर घेतली आणि घेऊन गेली. मी दार धरलं, कारण कोणीतरी धरायला हवंच होतं.

पहिला सगळा दिवस पोपडे खरवडण्यात आणि भेगांत लांबी भरण्यात गेला. छत रंगवायच्या दिवशी मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत, डोक्यावर वर्तमानपत्र धरून. काम मध्यावर आलं होतं आणि शिक्षिकेने प्रेमाने पुन्हा एकदा चित्रण करून घरी पाठवलं होतं. त्यानंतर थोड्याच वेळात चिरंजीव दारात. दोन मजले चढून आल्यामुळे त्याला काही वेळ बोलता येईना.

“आई,” शेवटी तो म्हणाला, “खाली उतर.”

“कडेपर्यंत नेते आणि उतरते.”

“आत्ता. तू पडशील.”

“तू हाका मारत राहिलास तर पडेन.”

त्याने पुढे होऊन शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिथेच तिचा हात थांबला. ती वरून खाली बघू लागली, आणि मला वाटलं आता रडते.

“हात काढ,” ती म्हणाली. “तुझ्या धापेने शिडी हलतेय.”

त्याने हात काढले. मग ते कुठे ठेवावे हे न कळून माझ्या शेजारी जमिनीवर बसला.

“आजी, मी तुला सांगितलं होतं.”

“चढू देऊ नकोस म्हणालास. मी कुठे दिली? ती इथे येऊन चढली.”

“ती चोपन्न वर्षांची आहे.”

“गेल्या आठवड्यात तूच लिहिलंस, फक्त आकडा आहे.”

तो आईकडे बघत राहिला. वर्गाच्या चित्रणात ती जशी दिसली होती तशीच दिसत होती, तोच खांदा, तोच हात, फक्त या वेळी हाताखाली छत होतं. मला वाटतं त्याला भीती वाटायची थांबली नाही. त्याने आईला शिडीवर कधी पाहिलंच नव्हतं, आई कामाला गेली की तो शाळेत असायचा. पण तो उठला नाही आणि पुन्हा हाकही मारली नाही.

कडेपर्यंत गेल्यावर ती उतरली. गुडघे चोळले, कारण दुखत होते. ते तिने लपवलं नाही. मग मान मागे टाकून वर पाहिलं आणि बोट दाखवलं.

“तो बघ जोड. तू शिडी धरलीस तिथला.”

मला तर काही दिसत नव्हतं. त्याला दिसला की नाही माहीत नाही, पण त्याने मान डोलावली.

“मग आता?”

“आता काय. उद्या रंगाचा दुसरा हात. आणि घरी गेलास की माझा फोन तुझ्या बायकोकडून घेऊन ठेव. गिऱ्हाइकांना सांगायचंय, मी जिवंत आहे.”

“उद्या मला सुट्टी नाही, आई.”

“तुला बोलावलंय कोणी?”

शिडी कोणी खाली न्यायची यावर दोघांचं जिन्यात थोडं वाजलं. तिने पुढचं टोक धरलं, त्याने मागचं. वर्गाची फी भरलेली असल्यामुळे संध्याकाळी समजायच्या शिडीवरही तिला चढावं लागणार आहे, असं सुनेने कळवलं आहे.

रात्री वही उघडली आणि दिवसाची नोंद केली: छताचा पहिला हात झाला. भाची बरी आहे. चादरी दोरीवरून आत घेतल्या. निळी अजून ओलसर आहे.