पुस्तकवाल्या बाईंचा दहावा

मी चौथी पास आहे. त्या काळी आमच्या चिखलीत पोरींना तेवढं पुरे होतं. पुढे सगळा जन्म मी काय वाचलं, तर बसच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या आणि लग्नाच्या पत्रिका. गोष्टीचं पुस्तक हातात आलं ते सून घरात आल्यावर.

सून लातूरकडची. चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडते. माझा मुलगा ट्रेलरवर असतो, नव्या गाड्या लादून दक्षिणेकडे जातो आणि महिन्यातले थोडेच दिवस घरी. म्हणजे घरात आम्ही दोघीच. सुरुवातीला आमचं बोलणं काय असायचं? दूध आलं का, पाणी गेलं, गॅस संपत आलाय. भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा थोडी ओळख लागते.

तिच्या कंपनीच्या बसमधल्या बायका एक पुस्तक फिरवून वाचायच्या. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. एकदा ते ओट्यावर राहिलं, मी उघडलं. एका राज्यात नदी उलटी डोंगरावर चढते आणि माणूस मेलं की त्याचा आवाज पक्षी उचलून नेतात, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, काय हा खोटारडेपणा. आणि पान उलटलं.

सून भाकरी थापत होती. म्हणाली, "मोठ्यानं वाचा की आत्या."

मी बोट ठेवून वाचायला लागले. जोडाक्षर आलं की अडायचे. ती पाठमोरीच तो शब्द सांगायची आणि परातीत थाप सुरू. मला वाटलं, हुशार आहे. मग एकदा ओळ चुकून मी खालच्या ओळीवर गेले, तर तिनं बरोबर मधली ओळ म्हणून दाखवली. बयेनं ते पुस्तक आधीच वाचलं होतं. तिला एका दिवसात संपणारं पुस्तक आम्ही महिनाभर वाचायचो आणि तिनं कधी घाई केली नाही.

असे पाच भाग झाले; बसमध्ये फिरून झालं की पुस्तक आमच्याकडंच राहायचं. त्यात एक पोरगी आहे, तिचा आवाज चोरीला गेलाय. ती मेलेल्या आईचा आवाज शोधत निघते. बरोबर एक म्हातारी नावाडीण, तोंडाची फाटकी. ती मला आवडायची. पाचव्या भागाच्या शेवटी पोरगी एका दगडी दारापाशी पोचते, कडीला हात घालते आणि पुस्तक संपतं. लिहिणाऱ्या बाईंचा सहावा भाग येणार होता. रोज भाकरीच्या वेळी आम्ही दोघी त्या दाराबद्दल बोलायचो. ती म्हणायची, आत आई असेल. मी म्हणायचे, आत कुणी नसेल, लिहिणाऱ्या लोकांना रडवायची हौस असते.

एका मंगळवारी ती पहिल्या पाळीवरून आली. कंपनीचे ते जड सेफ्टी शूज जिन्यात वाजले की मला तिचा दिवस कसा गेला ते कळतं. त्या दिवशी ती पायरी-पायरीला थांबत होती. दार उघडलं तर डोळे सुजलेले.

"ट्रेलरचं काही झालं का गं?"

"नाही आत्या. आपल्या पुस्तकवाल्या बाई वारल्या. बसमध्ये फोनवर आलं."

मी म्हटलं, "मंग रडतीस कशाला? आपलं माणूस धड हाय."

ती बूट काढून आत गेली. मला फार बरं वाटलं होतं आणि ते लपवायची मला सवय नाही. थोड्या वेळानं चहा ठेवला, तेव्हा ती पोरगी आठवली. दगडी दारात उभी, कडीला हात. आता ती तिथंच राहणार.

बसमधल्या बायकांनी त्या आठवड्यात ड्रायव्हरला गाणी लावू दिली नाहीत म्हणे. तो वैतागला, "कुणाचं सुतक आहे तुम्हाला, कळू तरी द्या!" कुणाला धड सांगता येईना.

सुनेनं पाचही भाग पिशवीत घालून माळ्यावर टाकले. स्वयंपाकघरात पुन्हा दूध, गॅस, पाणी सुरू झालं. मी म्हटलं, "चल, पहिल्यापास्नं वाचू."

"नको आत्या. शेवटच नाही आता त्याला."

मला लेखिकाबाईंचा राग आला. त्यांचं वय झालं होतं, गेल्या, ठीक. पण माझी संध्याकाळ नेली. आता या वयात मी सुनेशी नवीन काय बोलणं काढणार होते?

गेल्याचा दिवस धरून दहावा गुरुवारी आला. गुरुवारी सुनेच्या कंपनीला सुट्टी. सकाळी भात लावला, पत्रावळीवर त्याचा गोळा ठेवला, वर दही घातलं आणि गच्चीवर गेले. आमच्याकडं बायका पिंड ठेवत नाहीत. पण बाईंच्या घरच्यांनी त्यांचं काय ते केलंच असणार, हा आमच्या घरचा घास होता.

सून कपडे वाळत घालायला वर आली. "काय करायलाव इथं?"

"दिसत न्हाई का? बाईंचा दहावा हाय."

"आपण कोण त्यांचे?"

"धा दिवस तोंड पाडून बसलीस ना? मंग कुणीतरी आसू."

तिनं बादली खाली ठेवली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

आता चिखलीत कावळे राहिलेत कुठं. जिथं आमची जोंधळ्याची रानं होती तिथं शेड आणि बिल्डिंगा. तरी एक आला. पाण्याच्या टाकीवर बसला, मान वाकडी करून घासाकडं बघितलं. पण खाली येईना. घाटावर असं झालं की घरचे लोक मयताला शब्द देतात. पोराचं लग्न करू, म्हातारीला सांभाळू. जीव कशात अडकलाय ते घरच्यांना माहीत असतं.

"ती पोरगी दारात आहे ना," सून हळूच म्हणाली.

"व्हय. त्यातच आसंल."

पण शब्द देणार कोण? सून माझ्याकडं बघत राहिली. मी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. "बाई, काळजी करू नका. पोरीला आमी दारात ठेवणार न्हाई."

कावळ्यानं ऐकून घेतलं आणि सरळ उडून गेला. मागून कबुतरांचा थवा उतरला. बघता बघता पत्रावळ साफ.

सून तोंडावर हात धरून हसायला लागली. किती दिवसांनी. "आत्या, कबुतर चालतं का?"

"कबुतरांच्या गावात राहतो आपण. चालवून घ्यायचं."

दुपारी तिची बसमधली मैत्रीण चहाला आली. सुनेनं तिला सगळं सांगितलं. मैत्रीण म्हणाली, "काकू, शब्द दिलाय तर पाळा बरं का. नाहीतर बाई रात्री येतील उशाशी."

"येऊ दे. जोडाक्षरं त्यांनाच विचारीन."

संध्याकाळी सुनेनं स्टूल लावून पिशवी खाली काढली. पाचवा भाग माझ्या मांडीवर ठेवला आणि भाकरी थापायला लागली. मी शेवटचं पान वाचलं. पोरीनं कडीला हात घातला. संपलं.

"वाचा पुढं."

"पुढं कोरं हाय."

"शब्द दिलाय तुम्ही."

मी आयुष्यात कधी गोष्ट रचली नाही. मुलाला लहानपणी झोपवलं ते दटावून. तरी कोऱ्या पानावर बोट ठेवलं, कारण बोटाशिवाय मला वाचता येत नाही.

"पोरीनं कडी वाजवली. आतनं बाई म्हणाली, कोण हाय? पोरीला आवाज न्हाई, सांगणार कशी? मंग ती नुसती पायरी चढली. आतली बाई म्हणाली, थांब, कडी काढते. ही माझीच. हिचे पाय मला कळत्यात."

परातीतली थाप थांबली.

"बाईंनी असं लिहिलं असतं का?"

"बाईंचं मला काय म्हाईत. तव्यावरची भाकरी करपती बघ."

तिनं भाकरी उलटली. हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. मग पाठमोरीच म्हणाली, "बरं. आत गेल्यावर?"

पुस्तकात कोरं पान एकच होतं. बोट तिथंच ठेवून मी पुढं सांगायला लागले.