घोट्यावरचा गोल

कॅनव्हासच्या बुटाला आतल्या अंगाने, घोट्यावर, जो गोल तुकडा असतो, तो शिवण्यात व्हर्डेल लॉकलिअरची एकोणतीस वर्षं गेली. बास्केटबॉलवाल्यांसाठी निघालेला तो बूट पुढे साऱ्या दुनियेच्या पायांत गेला. कारखाना जिथे होता त्या अमेरिकेतल्या लम्बर्टन गावच्या बायकांना मात्र तो सुतावरून आणि रबराच्या वासावरून ठाऊक. गोल पुरा झाला की काठाशी दोन टाके उलटे मारायचे, हा कारखान्याचा नियम. व्हर्डेलचं पहिलं मशीन खोडसाळ होतं, तिसरा टाका पडायचाच. मशीन बदललं, पण हाताची खोड गेली नाही. मुकादम ओरडून ओरडून थकला.

शेजारच्या मशीनवर धाकटी बहीण अर्लीना. ती मुद्दाम चार मारायची. "तुझ्यापेक्षा एक जास्त! नाहीतर जन्मभर धाकटीच राहायची की मी!"

तीच एकदा म्हणाली होती, "एक जोड घरात ठेवू या गं."

"नदीकाठी राहून घागर कशाला भरून ठेवतेस?" व्हर्डेलने तिला उडवून लावलं.

मग काम समुद्रापार गेलं, कारखान्याला कुलूप लागलं, आणि त्याच हिवाळ्यात अर्लीनाही गेली. व्हर्डेलला शहाणपण आलं, पण वरातीमागून घोडं.

तेव्हापासून जुन्या बाजारात दिसेल तो बूट उचलून ती टाके मोजते. वीस वर्षं झाली. आपल्या हातचा एक तरी जोड मिळावा, एवढंच मागणं. आता डोळे साथ देत नाहीत, म्हणून बोटाने मोजते.

जुलैत दूरदूर गेलेले लम्बी, म्हणजे इथल्या मूळनिवासी जमातीचे लोक, गावी परततात. यंदा चर्चच्या अंगणात एक अनोळखी गृहस्थ मक्याच्या भाकरीत पालेभाजी घालून खात होता. पायात जुने काळे बूट.

"कुणाचा रे तू?" व्हर्डेलने विचारलं. इथे नावाआधी हेच विचारतात.

"हार्लन ऑक्सेन्डाइनचा, काकी. बाल्टिमोरला असतो. बूट बाबांचे. गावी येताना तेवढे घालतो."

"पाय इकडे कर."

"अहो, धूळ आहे—"

"गप रे!"

तिने वाकून बोट फिरवलं. एक, दोन, तीन. तिने बोट जरा पुढे सरकवलं. मग बोटाखाली आणखी एक आला.

ती तिथेच गवतावर बसली. अर्लीनाची किती आठवण येते, हे इतक्या वर्षांत तिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

"तुमच्या हातचे का, काकी?" त्याने हळूच विचारलं. "देऊ काढून?"

"माझे नव्हेत. आमच्या धाकटीचे." तिचा हात काही घोट्यावरून निघेना. "जरा वेळ असाच उभा राहा, बाळा."