नाकआक्कांनी हुंगलेली झोळी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आणि अक्षर तर कोंबडीनं उकरल्यासारखं. त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही कुणाला दाखवायची नाही, म्हणूनच नाकआक्कांबद्दल लिहायचं धाडस करते.

आक्का आमच्या शेजारी राहायच्या. कुणाच्याही घरी गेल्या की आधी उंबऱ्यावर थांबून, नाक वर करून हुंगायच्या. "नाकआक्का आल्या, दूध उतू गेलं का बघा गं," असं बायका म्हणायच्या. आक्काही हसायच्या. "ह्ये नाक लय म्हागात शिकलंय," म्हणायच्या. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, द्राक्षबागेत औषध मारायचे आणि त्यांचे ते कपडे आक्का हातानं धुवायच्या. तळहाताची सालं निघायला लागली, तेव्हा त्यांना कळलं की बागेतलं औषध कपड्यावर बसून घरात येतं.

आमच्या घरात तर ते पाहुण्यासारखं राहत होतं. फवारणीचा पंप कॉटखाली, बाटल्या मिठाच्या बरणीशेजारी, ह्यांचा सदरा खुंटीवर. माझी छकुली तेव्हा रांगत होती. अंगभर पुरळ, डोळ्यांना पाणी, सारखी किरकिर. इस्लामपूरच्या डॉक्टरांचं मलम लावलं की चार दिवस बरं, पुन्हा तेच. सासूबाई म्हणायच्या, "तुझं दूधच उष्ण. तोड आता." मी मान खाली घालून ऐकायची. दूध तोडायच्या विचारानं माझा जीव अर्धा व्हायचा.

एके सकाळी आक्का आल्या, उंबऱ्यावर हुंगलं आणि सरळ झोळीपाशी गेल्या. छकुलीला उचलून माझ्याकडे दिलं आणि झोळीत तोंड खुपसलं.

"ही कशाची बांधलीस गं?"

"मामंजींच्या जुन्या धोतराची."

"त्येच्या आदी ह्ये धोतर कुठं हुतं?"

वर्षभर हे फवारताना तेच तोंडाला गुंडाळत होते. मऊ झालंय म्हणून मीच धुऊन झोळी केली होती.

"वास तर गेलाय की, आक्का," मी पुटपुटले.

"तुझ्या नाकापुरता गेलाय. आन् उद्या माझ्या नाकालाबी आला न्हाई, तरी औषध कापडात बसून ऱ्हातंय, बाई."

झोळी सुटली. संध्याकाळी आक्कांनी ह्यांना अंगणातच अडवलं.

"बागेची कापडं भाईर काढ, आंघूळ कर, मग पोरीला घे."

"आवं आक्का, आंगणात उघडा हू का?"

"हू की! दिष्ट लागंल इतका द्येखणा न्हाईस तू."

हे न्हाणीच्या आडोशाला पळाले. सासूबाईसुद्धा पदरात हसल्या.

हे फवारून आले की गादीवर तसेच आडवे व्हायचे, म्हणून गादीही बदलायची ठरली. नव्या गादीला आणि पंप बाहेर ठेवायच्या पेटीला आक्कांनी स्वतःचे तीन हजार दिले. फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसायला लावली. महिन्याभरात छकुलीचं अंग स्वच्छ झालं. दूध तोडायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आता ह्यांना दारात मीच अडवते, तेही मोठ्या आवाजात.

शिवणकामातून मी शंभर-दोनशे करत पैसे फेडत राहिले. आक्का लेकाकडे साताऱ्याला कायमच्या निघाल्या, तेव्हा शेवटचे दोनशे घेऊन गेले. नोटा त्यांच्या हातात ठेवल्या. आक्कांनी नोटा नाकाशी नेल्या आणि डोळे मिटून हुंगल्या.

"कुठं ठेवल्या हुत्यास?"

"हिंगाच्या डबीत."

"व्हय. निस्ता हिंगच हाय," त्या म्हणाल्या आणि नोटा कमरेच्या पिशवीत घातल्या. "फिटलं बग सगळं."