भिवाजीचा फळा

सौसरच्या बसस्टँडजवळ भिवाजी सोमकुवर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दर बाजाराच्या दिवशी तो भिंतीला फळा टेकवून खडूने चित्रकथा काढायचा. त्यातली यमुना तोंडाची मोठी फटकळ. आम्ही खो खो हसायचो आणि "पुढं काय होते बाप्पा?" म्हणून त्याचं डोकं खायचो.

एकदा सरकारी हँडपंप स्वतःच्या अंगणात बसवणाऱ्या पुढाऱ्याला यमुनेने चांगलं सुनावलं. तसा पुढारी आमच्यात होताच. त्याच्या माणसाने भरल्या बाजारात ओल्या फडक्याने फळा पुसला. आम्ही तीस-चाळीस वाचक तिथेच उभे होतो. नुसते बघत राहिलो. वर दुसऱ्या दिवशी भिवाजीलाच विचारलं, "काहून गा, बंद करून राहिला का?" आम्हाला लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

पुढच्या बाजारी त्याने नवं चित्र काढलं. एक माणूस फळा पुसून राहिला आहे आणि मागे आम्ही, हाताची घडी घालून. एकेक चेहरा हुबेहूब. डावीकडून तिसरा मी.

ते चित्र पुसायला पुढाऱ्याचा माणूस आला नाही. आम्हीच पुसलं.